खडूच्या खुणा

रविवार, रात्री

गेले तेरा दिवस मला अस्वस्थ करणारा मोटारसायकलचा आवाज आज सकाळी सापडला. तो कसा सापडला याचे तपशील पुसट होण्याआधी लिहून ठेवावेत, म्हणून जेवण आटोपताच वही उघडली आहे.

गाडी बाबांची, १९९३ सालची हीरो होंडा सीडी १००. डिचोलीहून शाळेपर्यंतचा रस्ता त्यांनी निवृत्त होईपर्यंत तिच्यावरूनच केला. आता मी तिच्यावरून नार्व्याच्या फेरीबोटीने दिवाडी बेटावर आणि तिथून दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्याला कामाला जातो. शंभराला थोडे कमी सीसी असलेले तिचे इंजिन इतके समजुतीने चालते, की त्यात मिसळलेला परका आवाज मला लगेच टोचतो.

तो पहिल्यांदा ऐकू आला श्रावणी सोमवारी, सप्तकोटेश्वराचे दर्शन घेऊन मी आणि सौ. परतताना. मोकळ्या रस्त्यावर काहीच जाणवले नाही, पण दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असलेल्या अरुंद वाटेत गाडी शिरली, तेव्हा भिंतीवर आपटून परत आलेली ‘टक्... टक्...’ स्पष्ट ऐकू आली. चालवणाऱ्याच्या कानावर वारा आणि इंजिन यांचा इतका मारा असतो, की बारीक आवाज ऐकायचा तर गाडी भिंतीजवळून न्यावी, हे मला त्या दिवशी कळले. आवाज माझ्या पायाजवळून, इंजिनाच्या डाव्या अंगाकडून येत असल्यासारखा वाटला आणि मी इंजिनालाच आजारी ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवशी एकटा निघालो, तर आवाज नाही. मयेजवळच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून पाहिली, तेव्हाही नाही. यावरून मी असा निष्कर्ष काढला, की मागे माणूस बसल्यावर इंजिनावर ताण येतो आणि तो ताण आला की आतले काहीतरी वाजते. गॅरेजमध्ये गाडी स्टँडवर उभी करून मेकॅनिकने रेस वाढवून ऐकले, काही वाजले नाही. तरी माझ्या आग्रहाखातर त्याने टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपांपाशी ठेवायची बारीक फट, तपासून बसवून दिले. त्याला दोष देता येणार नाही, कारण जो आवाज त्याच्यासमोर आलाच नाही, तो त्याने शोधायचा तरी कुठे?

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघे बाजारात गेलो आणि टकटक पुन्हा सुरू झाली. मी इंजिनाच्या आतल्या टायमिंग चेनच्या खर्चाचा हिशेब मनात मांडत होतो, तेवढ्यात मागून सौ. म्हणाली, “अहो, उतारावर इंजिन बंद करून पाहिलेत म्हणालात, पण तेव्हा मी कुठे होते? आता बंद करून बघा.” मी गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद केले. आवाज तसाच येत राहिला, आणि वेग कमी होत गेला तसा त्याच प्रमाणात मंदावत गेला. बंद इंजिन वाजत नाही. उतारावर मी इंजिन बंद करणे आणि मागे कोणी नसणे असे दोन बदल एकाच वेळी करून एकाचाच विचार केला होता, आणि ही चूक तिने एका वाक्यात दाखवून दिली.

म्हणजे आता उरले चाक, ब्रेक आणि चेन. काल मागचे चाक दोन्ही हातांनी धरून हलवले. बेअरिंगमध्ये ढिलेपणा नव्हता. ब्रेक दाबून आवाजात फरक पडत नव्हता. स्टँडवर चाक हाताने फिरवले, तर ते गुळगुळीत फिरले. या गाडीची चेन पूर्ण कव्हरमध्ये असल्यामुळे नजरेला काही पडत नाही, म्हणून ते उघडण्याआधी आवाज नेमका किती अंतराने येतो हे मोजायचे ठरवले.

आज सकाळी पावसाने उघडीप दिली होती आणि घरासमोरचा रस्ता सुकला होता. आम्ही दोघे गाडीवर बसलो, मी पायांनी रेटत ती सावकाश पुढे नेली, आणि प्रत्येक ‘टक्’ला मी “आला” म्हटले, की बरोबर चालणारी मुलगी मागच्या चाकाच्या आसाखाली रस्त्यावर खडूने रेघ ओढत होती. सात रेघा झाल्यावर टेप लावली. दोन रेघांमधले अंतर दर वेळी ४ मीटर ३५ ते ४० सेंटिमीटर भरत होते. चाकाचा एक फेरा १ मीटर ८४ सेंटिमीटरांचा. आवाज चाकातून येत असता तर रेघा तेवढ्याच अंतरावर पडल्या असत्या. इथे तर जवळजवळ दोन पूर्णांक चार फेऱ्यांनी एक रेघ पडत होती.

मग कव्हर उघडले. मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राला, ४२ दाते आणि चेनला १०० कड्या. चाकाच्या एका फेऱ्यात दात्यांइतक्याच कड्या पुढे सरकतात, म्हणून शंभराला बेचाळीसने भागले, की दोन पूर्णांक अडतीस येतात. म्हणजे चेनचा एक फेरा पुरा झाला की एक ‘टक्’. तो भागाकार जुळला तेव्हा झालेला आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

चेनच्या एका जागी चार-पाच कड्या गंजून ताठ झाल्या होत्या, आणि बाकीची चेन झिजून लांबली होती. महिन्यापूर्वी मीच गाडी स्टँडवर लावून, जिथे ती सैल लोंबत होती तिथे बोट टेकवून, तिला ताण दिला होता. स्टँडवर मागचे चाक खाली लोंबते. माणसे बसली, शॉकअब्सॉर्बर दबले, की तीच चेन आणखी ताणली जाते. एकट्याच्या वजनाला निभावत होते. दोघे बसल्यावर मात्र ताठ कड्या पुढच्या लहान स्प्रॉकेटवर चढताना हिसका बसत होता, आणि ते स्प्रॉकेट इंजिनाला अगदी लागून असल्यामुळे कान फसत होता.

तूर्त रॉकेलने धुऊन, तेल देऊन, चेन सैल केली आहे. आवाज जवळपास गेला आहे. पण गंजलेली कडी पुन्हा ताठ होणार, आणि झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली तर तीही लवकर झिजणार, म्हणून उद्या म्हापशाहून दोन्ही स्प्रॉकेटांसह पूर्ण चेनसेट आणणार आहे. मागच्या चाकाच्या हबमधले हिसके झेलणारे रबरही कडक झाले असतील, ते त्याच वेळी पाहीन. नवी चेन बसवल्यावर तिचा ताण चाक फिरवत सगळीकडे तपासायचा आहे, आणि त्या वेळी पाच मिनिटे गाडीवर बसून राहावे लागेल, असे सौ.ला आताच सांगून ठेवले आहे.