ब्रेंटफोर्डच्या म्युझिकल म्युझियममध्ये वुर्लिट्झर ऐकायला जाताय? हे वाचून जा

आधीच सांगते, लंडनमधल्या या म्युझियमला नुसतं बघायला जाण्यापेक्षा कॉन्सर्ट असेल त्या दिवशी जा. वेबसाइटवर कार्यक्रमांचं कॅलेंडर असतं, त्यात वुर्लिट्झर (म्हणजे जुन्या सिनेमा थिएटरातला मोठा ऑर्गन, वुर्लिट्झर कंपनीचा) असं लिहिलेली तारीख शोधायची आणि तिकीट आधीच काढून ठेवायचं, कारण हॉल काही अल्बर्ट हॉल नाही, छोटासाच आहे आणि इथले नेहमीचे आजी-आजोबा त्यांच्या ठरलेल्या खुर्च्या धरून बसतात. म्युझियम आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, त्यामुळे निघायच्या आधी वेळ बघा, उगाच दार बंद बघून परत यायला नको.

आम्ही गेलो ते बाबांमुळे. आई-बाबा आले होते, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ वगैरे सगळं उरकलं होतं आणि बाबा वैतागले होते, की नुसतं चालवतेस आम्हाला. बाबा गावी भजनी मंडळात पेटी वाजवतात, नाट्यसंगीताचे पक्के वेडे, ऑर्गन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर संगीत नाटकातला ऑर्गन येतो. तो वेगळा बरं का. आपल्या नाटकातला ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायचा, आत पितळी रीड, पाइप-बिइप काही नाही, म्हणजे पेटीचाच चुलतभाऊ. इथला पाइप ऑर्गन आहे, लाकडाच्या आणि धातूच्या नळ्यांमधून हवा जाते आणि त्या वाजतात. हे मी बाबांना बसमध्ये समजावून सांगितलं, त्यांनी हो हो केलं, पटलं मात्र नव्हतं.

थोडा इतिहास, म्हणजे तिथे गेल्यावर मजा येईल. हा वुर्लिट्झर मुळात इथून जवळच, किंग्स्टनच्या रीगल सिनेमात होता, ते थिएटर 1932 साली उघडलं. आता तेव्हा बोलपट येऊन काही वर्षं झाली होती, मग थिएटरवाल्यांनी एवढा मोठा ऑर्गन कशाला बसवला असेल? तर मूकपटांच्या काळात अमेरिकेत अख्खा वाद्यवृंद पोसण्यापेक्षा एक वाजवणारा माणूस स्वस्त पडायचा म्हणून हे ऑर्गन आले, पण इंग्लंडमध्ये लोकांना दोन खेळांच्या मधे ऑर्गन ऐकायची सवयच लागली. सिनेमा संपला की पडद्यासमोर जमिनीतून ऑर्गन वर यायचा, वाजवणारा सुटाबुटात हसून वाकणार, दहा-पंधरा मिनिटं वाजवणार आणि परत खाली जाणार. बीबीसीवर या वाजवणाऱ्यांचे कार्यक्रम लागायचे. ब्लॅकपूल टॉवरच्या बॉलरूममध्ये रेजिनाल्ड डिक्सन 1930 पासून 1970 पर्यंत वाजवत होते, चाळीस वर्षं एका जागी! मग सिनेमे बंद पडायला लागले, बिंगो हॉल झाले, आणि बरेचसे ऑर्गन मोडीत गेले किंवा तुकड्या-तुकड्यांनी विकले गेले. त्यातून जे वाचले त्यातला हा एक. म्युझियम फ्रँक हॉलंड नावाच्या गृहस्थांनी 1963 मध्ये सुरू केलं, आधी ब्रेंटफोर्डमधल्याच जुन्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये होतं, आता त्याच हाय स्ट्रीटवर नवीन इमारत आहे.

कार्यक्रमाची सुरुवात अशी की हॉलमध्ये दिवे मंद होतात आणि वाजवणारा दिसायच्या आधी सूर सुरू होतो. मग स्टेजमधून हळूहळू डोकं वर येतं, खांदे, मग ते घोड्याच्या नालासारखं गोल कन्सोल, म्हणजे बसून वाजवायचा भाग, तीन ओळी पट्ट्यांच्या आणि वर रंगीबेरंगी टॅब्जची, म्हणजे आवाज निवडायच्या कळांची, कमान. पांढरे, लाल, पिवळे, काळे. हे रंग शोभेचे नाहीत, कुठल्या जातीच्या पाइपचा आवाज ते वाजवणाऱ्याला पटकन कळावं म्हणून आहेत. बाबांचा पहिला प्रश्न, "अगं पण भाता कोण मारतंय?" मागच्या बाजूला विजेवर चालणारा मोठा पंखा असतो तो हवा पुरवतो, असं सांगितल्यावर ते म्हणाले मग याला काय, आम्ही एका हाताने भाता मारून एका हाताने वाजवतो.

पण मग त्यांचं लक्ष पायांकडे गेलं आणि ते गप्पच झाले. डावा पाय खालच्या लांब लाकडी पट्ट्यांवर खर्ज वाजवत फिरत होता, टाच-चवडा, टाच-चवडा, आणि उजवा पाय आवाज कमी-जास्त करायच्या पेडलवर. त्या पेडलने पाइप ज्या खोलीत बंद आहेत तिच्या झडपा उघडतात आणि मिटतात, आवाज त्यामुळेच वाढतो, पट्टी जोरात दाबून नाही. दोन हात तीन ओळींवर, मधेच एका हाताचा अंगठा खालच्या ओळीवर आणि बाकीची बोटं वरच्या. वर परत त्यात मधेच टॅब पाडायचे. बाबा पुढचा अर्धा तास फक्त बूट बघत होते.

यातली खरी गंमत रॉबर्ट होप-जोन्स नावाच्या इंग्रज माणसाची. हा टेलिफोन इंजिनिअर, त्याने ऑर्गनच्या पट्ट्या आणि पाइप यांच्यामध्ये विजेच्या तारा घातल्या, त्यामुळे पाइपची एकच रांग वेगवेगळ्या सप्तकांत आणि वेगवेगळ्या ओळींवरून वाजवता यायला लागली. चर्चच्या ऑर्गनला जिथे प्रत्येक आवाजासाठी वेगळे पाइप लागतात तिथे इथे थोड्या पाइपांत काम भागतं. तो अमेरिकेला गेला, 1910 मध्ये वुर्लिट्झर कंपनीत आला, तिथे काही त्याचं जमलं नाही, 1914 मध्ये त्याने आत्महत्या केली. आणि कंपनीने पुढे त्याच्या कल्पनेवर दोन हजारांच्या वर ऑर्गन विकले. वाईट वाटतं वाचून.

आणखी एक, ढोल, झांजा, झायलोफोन, घंटा, पक्ष्यांची शिट्टी हे ऑर्गनमधून येणारे सगळे आवाज खरे आहेत, रेकॉर्ड केलेले नाहीत. खरोखरचा ढोल आत ठेवलेला असतो आणि हवेच्या दाबाने त्यावर काठी पडते. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका मुलाला हे पटेचना, तो मध्यंतरात जाऊन विचारून आला. मध्यंतरात तिथले स्वयंसेवक फार छान बोलतात, घाईत नसतात, जे विचारायचं ते विचारा. लहान मुलांना न्यायचं असेल तर मूकपटाचा शो असेल तो निवडा, पडद्यावर कोणी धपकन पडलं की ऑर्गनमधून बरोबर ढोल वाजतो, पोरं खूश. साध्या कॉन्सर्टला सहा-सात वर्षांखालची मुलं कंटाळतील.

खरं सांगायचं तर दुसरा भाग थोडा रेंगाळला. सगळी तीस-चाळीसच्या दशकातली इंग्लिश गाणी, आजूबाजूचे म्हातारे लोक गुणगुणत होते, आई पेंगत होती. आणि तो सतत थरथरणारा आवाज, ट्रेम्युलंट म्हणतात त्याला, तो दोन तास ऐकला की जरा गोड-गोड होतं, जिलबीवर बासुंदी. पण मधेच ट्रेम्युलंट बंद करून एक संथ तुकडा वाजवला, त्यात खालचा खर्ज खुर्चीतून अंगात आला, तेवढ्यासाठी मी परत जाईन.

कुठे बसायचं: पहिल्या दोन-तीन रांगा नको. मधे किंवा मागे बसा, तिथे सगळे आवाज नीट मिसळून येतात. पाय बघायचे असतील तर कडेची खुर्ची धरा. ज्येष्ठांना नेत असाल तर शाल बरोबर असू द्या. आणि कॉन्सर्टच्या आधी दीड-दोन तास हातात ठेवून जा, खाली आपोआप वाजणारे पियानो आहेत, कागदाच्या रोलला भोकं पाडलेली, त्यावरून वाजतात. एक यंत्र चक्क व्हायोलिन वाजवतं. ते बघितल्याशिवाय येऊ नका. मात्र स्वतःचं स्वतः फिरण्यापेक्षा कोणीतरी ते वाजवून दाखवेल तेव्हाच त्यात अर्थ आहे, काचेतून बघून काही कळत नाही.

जायचं कसं: क्यू ब्रिज स्टेशनवरून चालत साधारण दहा मिनिटं. ट्यूबने येणाऱ्यांनी साउथ ईलिंगला उतरून 65 नंबरची बस घ्यावी, हीच बस पुढे किंग्स्टनला जाते, म्हणजे ऑर्गनच्या माहेरी. हाउन्स्लोवरून 237. रविवारी रेल्वेचं काम निघालेलं असतं, आधी बघून ठेवा. ब्रेंटफोर्ड फुटबॉल क्लबचं स्टेडियम जवळच आहे, मॅच असेल त्या दिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तारीख ठरवतानाच मॅच आहे का ते बघा, विशेषतः आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर. सकाळी क्यू गार्डन्स आणि दुपारी कॉन्सर्ट असा बेत कागदावर छान दिसतो पण म्हाताऱ्यांचे पाय दुखतात, त्यापेक्षा जवळचं वॉटर अँड स्टीम म्युझियम जोडा, तिथे वाफेवरची जुनी प्रचंड इंजिनं आहेत. जेवायला मात्र आम्ही 237 पकडून हाउन्स्लोला गेलो, म्युझियममध्ये चहा आणि केक मिळतो पण बाबांना सहा वाजता केक चालत नाही.