थुनारच्या राइट क्लिकमध्ये कमांड बसवताना आलेला अनुभव

परभणीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, टीसी, सगळ्याच्या पीडीएफ अपलोड करायच्या असतात, आणि पोर्टलला त्या ठरावीक केबीच्या आतच लागतात. घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रामची कमांड हे काम झटक्यात करते. पण दर फाइलला टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून लांबलचक ओळ टाइप करायची अन् गिऱ्हाईक तोवर ताटकळत उभं, हे मला नको होतं. म्हणून झुबुंटू या लिनक्स सिस्टिममधल्या थुनार फाइल मॅनेजरमध्ये राइट क्लिकवरच ती बसवली.

कमांड एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड साठवायच्या छोट्या फाइलमध्ये, लिहिली. एडिट मेनूतून 'कॉन्फिगर कस्टम ॲक्शन्स' उघडून 'पीडीएफ लहान करा' असं नाव दिलं. कमांडच्या रकान्यात स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता, पुढे टक्क्याचं चिन्ह आणि स्मॉल एफ (%f), म्हणजे निवडलेली फाइल.

आणि मग पीडीएफवर राइट क्लिक केलं, तर मेनूत त्या नावाचा पत्ताच नाही! थुनार बंद करून उघडलं, मशीन रीस्टार्ट केलं, ॲक्शन पुसून नव्यानं बनवली. तेच. कुठं एरर नाही, सूचना नाही. टर्मिनलमध्ये तीच स्क्रिप्ट नीट चालत होती, त्यामुळं जास्तच चीड आली. दोष निघाला त्याच खिडकीतल्या दुसऱ्या टॅबमध्ये, 'अपिअरन्स कंडिशन्स'मध्ये. तिथं आधीपासून फक्त 'टेक्स्ट फाइल्स'वर टिक असते. पीडीएफ मोडते 'अदर फाइल्स'मध्ये! ती टिक केली अन् नाव लगेच आलं. ही गोष्ट पहिल्याच टॅबवर ठळक लिहायला काय हरकत होती? नवं माणूस इथंच कंटाळून सोडून देतं.

पुढं पुन्हा तसंच. एका विद्यार्थ्याची सगळी कागदपत्रं एकदम निवडली की ॲक्शन गायब. स्मॉल एफ म्हणजे एकच फाइल. अनेक फायलींसाठी कॅपिटल एफ लागतो, आणि स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फाइल एकेक करून घेणारा लूप.

स्क्रिप्टच्या प्रॉपर्टीजमध्ये, परमिशन्सखाली, प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी आधी द्या, हे वर सांगायचं राहिलं. स्क्रिप्टमध्ये फाइलच्या नावाभोवती दुहेरी अवतरण हवंच. 'उत्पन्न दाखला नवीन' अशा नावातल्या मोकळ्या जागांवर कमांड तुटते. घोस्टस्क्रिप्टच्या कमांडमध्ये दर्जाचं सेटिंग 'ईबुक' ठेवा, त्यात चित्रं 150 डीपीआयवर (इंचाला 150 ठिपके) येतात. 'स्क्रीन' 72 वर आणतं, मग दाखल्यावरचा शिक्का वाचता येत नाही आणि अर्ज परत येतो.

आणि नवी फाइल कायम वेगळ्या नावानं काढा. घोस्टस्क्रिप्टला मूळ फाइलवरच लिहायला लावलं, तर मूळ स्कॅन हातचं जातं, आणि तोवर कागद घेऊन गिऱ्हाईक जिंतूरच्या गाडीत बसलेलं असतं.