गाबार्रा निघाली त्या दिवशी

बिल्बाओच्या विमानतळावरून बस शहरात शिरली आणि बाबा खिडकीला चिकटले ते उतरेपर्यंत तसेच. प्रत्येक बाल्कनीत तांबडा-पांढरा झेंडा होता. औषधाच्या दुकानात, बेकरीच्या काचेत, एका न्हाव्याच्या आरशाभोवतीसुद्धा तेच दोन रंग. "अगं, इथंही? अगं, हे बघ!" एवढंच ते म्हणत होते. बाबांचा हा पहिला परदेश प्रवास. मी मात्र हे शहर कितीतरी वर्षं टीव्हीवर बघत आले होते, तरी घसा दाटून आला.

बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लब या फुटबॉल संघानं ६ एप्रिल २०२४ ला सेव्हियामध्ये स्पेनचा राजाचा चषक जिंकला. याआधी तो १९८४ साली जिंकला होता. मधल्या ४० वर्षांत हा संघ सहा वेळा त्याच चषकाची अंतिम फेरी हरला. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर दोन आठवड्यांत दोन, कारण करोनामुळे आदल्या वर्षीचा सामना पुढे ढकलला होता. ते दोन्ही पराभव मी इंदुरात बसून बघितले आहेत. त्यामुळे त्या बाल्कन्या माझ्यासाठी नुसती सजावट नव्हत्या.

आता इंदूरच्या रामबागेतल्या मुलीचा बिल्बाओशी काय संबंध, ते सांगते. आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट आणि क्रिकेट म्हणजे होळकर संघ. आजोबांना १९४५-४६ चा म्हैसूरविरुद्धचा सामना तोंडपाठ होता. ८ बाद ९१२, एका डावात सहा शतकं, आणि तेही इंदुरात. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही नावं घरातल्या माणसांसारखी यायची. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि त्यानं नाबाद २४९ केल्या. हाच कॉम्प्टन आर्सेनलकडून फुटबॉलही खेळायचा, हे आजोबा दर वेळी नव्यानं सांगायचे. फुटबॉलचं आमच्या घरातलं पहिलं पाऊल ते तेवढंच.

दुसरं पाऊल २०१२ च्या धुळवडीच्या रात्री पडलं. माझा चुलतभाऊ, दादा, मँचेस्टर युनायटेडचा भक्त. त्या रात्री दीडनंतर त्यांचा सामना होता, म्हणून कानामागचा रंगही न काढता आम्ही टीव्हीसमोर बसलो. समोर कुठलासा स्पॅनिश संघ होता. मार्सेलो बिएल्सा नावाचा प्रशिक्षक, आणि सगळी पोरं मोकाट सुटल्यासारखी धावत होती. रूनीनं आधी गोल केला, तरी ही पोरं काही मागे सरेनात. योरेंते, दे मार्कोस आणि मग १९ वर्षांचा मुनिआइन. युनायटेड आपल्याच मैदानात ३-२ हरलं. पुढच्या आठवड्यात बिल्बाओतही हरलं. दादा झोपायला गेला. मी सकाळपर्यंत या क्लबबद्दल मिळेल ते वाचत बसले.

मला धरून ठेवलं ते त्यांच्या नियमानं. या संघात बास्क प्रदेशात, म्हणजे बिल्बाओच्या भोवतालच्या मुलखात, जन्मलेला किंवा तिथल्या क्लबांतून खेळून तयार झालेला खेळाडूच घेतात. हे शंभराहून अधिक वर्षं चाललंय. जगातले श्रीमंत क्लब वाट्टेल तिथून माणसं विकत आणतात आणि हे आपल्या पोरांवर भागवतात. तरी स्पेनची लीग १९२९ ला सुरू झाल्यापासून वरच्या गटातून कधीच खाली न गेलेले तीनच संघ आहेत: रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि अ‍ॅथलेटिक.

मला काही जण विचारतात की जो क्लब बाहेरच्यांना घेतच नाही, त्याच्यावर बाहेरच्या बाईनं प्रेम का करावं? याचं उत्तर माझ्यासाठी इन्याकी विल्यम्समध्ये आहे. त्याचे आईवडील घानाहून निघाले, सहारा पायी तुडवून स्पेनला पोचले. तो १९९४ साली बिल्बाओत जन्मला. आईवडिलांना मदत करणाऱ्या एका पाद्र्याचं नाव त्याला ठेवलं. धाकटा निको पाम्प्लोनाचा. दोघंही आज या क्लबचे चेहरे आहेत. इन्याकी २०१६ ते २०२३ असे सलग २५१ लीग सामने खेळला. तिथं कोणी त्याला 'पण तू मुळचा कुठला?' असं विचारत असेल तर विचारो, मैदान विचारत नाही. पुण्यात मी 'इंदूरची' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'हो, पण मूळ गाव?' आम्ही होळकरांबरोबर माळव्यात आलो त्याला किती पिढ्या झाल्या. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात वाढलो, मराठीत भांडतो, हिंदीत घासाघीस करतो. मूळ गाव इंदूर. म्हणून जिथं वाढला तिथला, असं मानणारा क्लब मला माझा वाटला.

या सहलीची तिकिटं आम्ही बऱ्याच आधी काढली होती, ती १४ एप्रिलच्या व्हियारेआलविरुद्धच्या लीग सामन्यासाठी. चषकाचा हिशेब त्यात कुठेच नव्हता. अंतिम सामना मी रामबागेतच बघितला. मायोर्काचा पहिला गोल, सान्सेतची बरोबरी, जादा वेळ, मग पेनल्टी. आमचा गोलरक्षक अगिरेसाबालानं एक अडवली, मायोर्काची एक बारवरून गेली आणि शेवटची बेरेंगेरनं मारली तेव्हा आमच्याकडे पहाटेचे चार वाजून गेले होते. मी ओरडले तशी आई स्वयंपाकघरातून धावत आली, आधी घाबरली आणि मग माझ्याबरोबर रडली. दोन दिवसांनी पाडवा. तिनं गुढीला तांबडा खण बांधला, वर पांढरा गाठीचा हार घातला आणि म्हणाली, "घे, तुमचेच रंग." त्याच रात्री आम्ही निघालो.

गाबार्रा म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव. बिल्बाओच्या खाडीत पूर्वी अशा नावांतून माल चालायचा. १९८३ साली लीग जिंकल्यावर संघाला अशा एका नावेतून खाडीभर मिरवत आणलं, १९८४ ला पुन्हा. त्यानंतर ती नाव थांबली ती थांबलीच. मधे दोनदा सुपर कप मिळाला, पण तेवढ्यासाठी ती बाहेर काढली नाही. ११ एप्रिलला ती निघणार होती आणि आम्ही आदल्या दिवशी पोचलो होतो. याला योग म्हणतात.

सकाळी मेट्रोनं आरेता गाठलं. तिथं खाडीवर बिस्काय पूल आहे, १८९३ चा. उंच लोखंडी सांगाड्याला दोरांनी टांगलेला पाळणा माणसं आणि गाड्या घेऊन या काठावरून त्या काठावर जातो. एरवी मी त्याच्यावरच एक लेख लिहिला असता, पण त्या दिवशी पुलाकडे कोण बघतंय! दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक घडीच्या खुर्च्या, शिड्या, थर्मास घेऊन सकाळपासून बसलेले. दहा लाख माणसं आली होती असा अंदाज नंतर वाचला. बिल्बाओ शहराची वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास आहे.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अनंत चतुर्दशी."

अगदी तसंच होतं. इंदूरच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांनी सजवलेल्या गाड्या, बघायला आपण रात्रभर रस्त्यावर सतरंजी टाकून बसतो, पोरं खांद्यावर, पुढची झाँकी कुठवर आली याच्या बातम्या तोंडोतोंडी येतात. हुकूमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची थकबाकी निघायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी झाँक्या दर वर्षी निघतात. बिल्बाओचंही तसंच झालंय. १९८४ ची गाबार्रा जहाजांच्या गोद्या आणि पोलादाच्या भट्ट्यांसमोरून गेली होती. एउस्काल्दुना गोदी १९८८ ला बंद झाली, डाव्या काठावरच्या मोठ्या भट्ट्या १९९६ ला. गोदीच्या जागेवर आता संगीत सभागृह आहे, पुढे वळणावर गुगेनहाइम संग्रहालय. कारखाने गेले, पण त्यांत राबलेल्यांची नातवंडं त्याच काठावर त्याच क्लबसाठी उभी होती.

आमच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, बरोबर कॉलेजात जाणारी नात. बाबांनी डब्यातली लौंग शेव पुढे केली. आजींनी एक खाल्ली, डोळे मोठे केले आणि अजून घेतली. बदल्यात बटाट्याच्या ऑम्लेटचा तुकडा घातलेला पाव आला. नात इंग्रजीतून मधे पडली आणि गप्पा सुरू झाल्या. आजी १९८४ ला याच काठावर होत्या. त्यांनी विचारलं, भारतातून इथं कशासाठी? मी तोंड उघडण्याआधी बाबा बोलायला लागले.

त्यांनी होळकर संघाची गोष्ट सांगितली. महाराजांनी कुठकुठून खेळाडू गोळा केले, नागपूरहून, मुंबईहून, थेट इंग्लंडमधून. चार वेळा रणजी करंडक जिंकला. मग संस्थान विलीन झालं आणि काही वर्षांत संघाचं नावच पुसलं गेलं. "माझ्या वडिलांचा संघ राहिला नाही. तुमचा कसा राहिला?"

नातीनं भाषांतर केलं. आजी लगेच म्हणाल्या, "आमचा कोणा राजाचा नव्हताच. माझा आहे." आणि पर्समधून सभासदाचं कार्ड काढून दाखवलं.

हे शब्दशः खरं आहे. १९९० च्या कायद्यानं स्पेनमधल्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपन्या व्हावं लागलं. चारच क्लब सभासदांच्या मालकीचे राहिले: रेआल माद्रिद, बार्सिलोना, ओसासुना आणि अ‍ॅथलेटिक. अध्यक्ष सभासदांच्या मतांनी निवडला जातो. बाबांनी ते कार्ड दोन्ही हातांत धरून उलटसुलट बघितलं. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, कागदाची किंमत त्यांना कळते.

आणि मग दूरवर भोंगे वाजायला लागले. आधी छोट्या होड्यांचा थवा, मग मधोमध ती नाव. छोटीशीच. तिच्यावर दाटीवाटीनं उभा असलेला संघ. मी मुनिआइनला शोधत होते. धुळवडीच्या रात्रीचं ते १९ वर्षांचं पोर आता ३१ चा कप्तान होता. त्याच्या जवळपासच दे मार्कोस. २०१२ च्या त्या रात्री गोल करणारे दोघं, त्याच क्लबात, एकाच नावेवर. इतक्या वर्षांत त्यांना दुसरीकडे जाता आलं नसतं असं थोडंच आहे? नाव समोरून गेली तेव्हा आजी, नात, बाबा, सगळे एकाच सुरात ओरडत होते, "आउपा अथलेतीक!" बाबांचा उच्चार अगदी तिथल्यासारखा होता.

सान मामेसबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. लोक त्या मैदानाला देऊळच म्हणतात, कॅथीड्रल. जुनं मैदान १९१३ चं, शेजारी नवं उभं राहिलं २०१३ ला. संत मामेसला रोमनांनी सिंहांपुढे टाकलं आणि सिंहांनी त्याला खाल्लं नाही, म्हणून इथले खेळाडू सिंह. आत क्लबचा जुना खेळाडू पिचिची याचा अर्धपुतळा आहे. जुन्या मैदानातला पहिला गोल त्याचा, १९२२ मध्ये ऐन तिशीच्या आत गेला. पाहुणा संघ पहिल्यांदा इथं खेळायला आला की त्यांचा कप्तान त्या पुतळ्यापुढे फुलं ठेवतो. बाबांनी चपला काढाव्यात का, असं मला विचारलं. मी म्हटलं, "नको, पण हात जोडा." आम्ही दोघांनी जोडले.

सामना १४ एप्रिलला. सकाळी बाबांना महूची आठवण झाली, आंबेडकर जयंतीची तिथली गर्दी आणि लहानपणी आजोबांबरोबर तिथं जाणं. संध्याकाळी पोसा रस्त्यावरच्या गर्दीतून मैदानाकडे चालत गेलो. खेळ १-१ बरोबरीत सुटला. आठवडाभराच्या जल्लोषानं पाय जड झालेले दिसत होते, पण उठून जाताना एकाही चेहऱ्यावर राग नव्हता. त्याच उन्हाळ्यात मुनिआइननं पाचशेहून अधिक सामन्यांनंतर क्लब सोडला. मी त्याला या जर्सीत बघू शकले, याचं समाधान मला फार मोठं आहे.

निघण्याआधी लेसामाला जाऊन आलो. शहराबाहेर टेकड्यांमध्ये क्लबची पोरं इथं तयार होतात. जुन्या मैदानाच्या छपरावरची पांढरी कमान इथं आणून उभी केली आहे. खेळणारी पोरं तिच्याकडे बघतही नव्हती, आणि तसंच असायला हवं.

कोणाला जायचं असेल तर सांगते. सभासदांना देऊन उरलेली तिकिटं क्लबच्या संकेतस्थळावर येतात, मोठे संघ सोडून बाकीच्या सामन्यांना मिळण्याची शक्यता जास्त. सामन्याच्या तारखा पुढेमागे होतात, तेव्हा परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. मेट्रोचं स्थानक मैदानाच्या नावाचंच आहे, पण एक स्थानक आधी इंदाउचूला उतरा आणि पोसा रस्त्यावरून चालत जा. छत्री घ्या, बिल्बाओत पावसाची भुरभुर कधीही सुरू होते. आणि लौंग शेव जरा जास्त न्या, आमची पहिल्याच दिवशी संपली.