घर दाखवायला काढण्याआधी

गेल्या वर्षी आम्ही आईबाबांचं घर विकलं. ते दोघं आता दादाकडे असतात. घर विक्रीसाठी तयार करण्याचं सगळं काम मी अंगावर घेतलं होतं, त्यामुळे तेव्हापासून ओळखीतलं कुणी घर विकायला काढलं की फोन मला येतो. पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला: "रंग कोणता देऊ?" मी म्हणते, रंगाचं नंतर बघू. आधी सांग, ओल कुठे आहे?

घर बघायला आलेला माणूस भिंतीचा रंग बघत नसतो. त्या रंगाखाली काय दडलंय, याचा तो अंदाज घेत असतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं आणि पुढे २००१ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. मालातले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा चांगल्या मालाचीही किंमत पाडूनच धरतो. घराला हे तंतोतंत लागू पडतं. जुन्या भिंतीवर एकच चौकोन ताज्या रंगाचा दिसला, की बघणारा त्यामागे असेल-नसेल ते सगळं मनात धरतो.

आमच्याकडे बाथरूमच्या मागच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, एक डाग होता. रंगारी म्हणाला, "ताई, ओल न दिसणारा रंग मारून देतो, वर्षभर काही कळायचं नाही." दादालाही ते पटलं होतं. मी अडून बसले. जे घर चाळीस वर्षं आपल्याला सांभाळत आलं, ते असं झाकून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं मला जमणार नव्हतं. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचं नाही, कारण पाण्याला वाट मिळाली नाही की ते रंगाला फोड आणतं आणि पोपडे सुटतात.

डाग कुठे आहे, यावरून बरंच कळतं. जमिनीपासून वर चढत गेलेला आणि साधारण मीटरभर उंचीवर आडवी रेघ सोडून थांबलेला डाग असेल, तर ओल बहुधा जमिनीतून येते. छताजवळ असेल तर वरून. भिंतीच्या मध्येच असेल तर आतल्या नळाचा संशय घ्यावा. बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे काळी बुरशी दिसली, तर ते पुष्कळदा खोलीतल्याच दमट हवेचं थंड भिंतीवर झालेलं पाणी असतं. कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि खिडकी उघडी ठेवली तरी फरक पडतो. नक्की कळत नसेल तर डागावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला धरले तर दोष हवेतल्या दमटपणाचा, भिंतीच्या बाजूला धरले तर ओल आतूनच येते.

आम्ही रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी तो पुढे सरकलेला होता. प्लंबरने टाइल काढल्यावर मागच्या पाइपाचा सांधा पाझरताना सापडला. काम किरकोळ निघालं, पण भिंत वाळायला वेळ लागला. विटांच्या भिंतीच्या जाडीला इंचामागे महिना धरतात, म्हणूनच मी म्हणते, की विकायचं मनात आलं त्याच आठवड्यात भिंती बघा. वाळताना पांढरा लोणा बाहेर येतो. तो कोरड्या ब्रशने झाडून काढायचा, पाण्याने धुवायचा नाही; धुतला की क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. मग प्रायमर, आणि मग रंग. पूर्ण भिंतीला द्या, नुसतं ठिगळ लावू नका.

बाकीच्या दुरुस्त्या लहान असतात, पण बघणाऱ्याचा हात नेमका तिथेच जातो. करकरणारी बिजागरी, ठिबकणारा नळ, हलणारं स्विचबोर्ड, नीट न बसणारी कडी. नळांवरचे पांढरे थर व्हिनेगरने निघतात, मात्र संगमरवरावर ते चुकूनही पडू देऊ नका, कारण तो दगडही त्याच क्षाराचा असतो आणि त्यावर कायमचा डाग पडतो. आणि घाईघाईत ब्लीच आणि ॲसिड एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

अवघड काम वेगळंच होतं. बाबांनी गॅलरीत स्वतःच्या हाताने सुतारकामाचं टेबल बांधलं होतं, अख्खी गॅलरी भरेल एवढं. घरातलं सगळ्यात चांगलं ऊन तिथेच यायचं, पण तिथे कुणाला उभंच राहता येत नसे. बाबांचं म्हणणं, "घेणाऱ्याला दिसू दे की इथे माणसं काही करत होती." मला त्यांचं दुःख समजत होतं. जे आपल्याकडे आहे ते आपल्याला जास्त मोलाचं वाटतं. कानेमन, नेच आणि थेलर या अभ्यासकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साधे कॉफीचे मग मिळालेल्या लोकांनी ते विकायला जवळपास दुप्पट किंमत मागितली होती, घेणारे देऊ करत होते त्याच्या. इथे तर बाबांच्या हाताचं काम होतं. शेवटी मी म्हटलं, "बाबा, टेबल विकायचं नाहीये. आपण ते आधी दादाकडे नेऊ, मग घर दाखवू." ते तयार झाले. टेबल दादाच्या घरी लागलं, आणि बाबांचा जीवही थोडा तिकडे लागला. घरातलं नको ते काढताना मी हाच क्रम सांगेन: ज्या वस्तूत जीव अडकलाय ती सगळ्यात आधी नव्या जागी नेऊन लावा. मग बाकीचं हलकं जातं.

कपाटं मात्र रिकामी करत बसू नका, निम्मी भरलेली ठेवा. लोक कपाटं उघडतातच, आणि कोंबलेलं कपाट बघून त्यांना घरात जागा कमी आहे असं वाटतं. भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो आम्ही उतरवले, पुस्तकं ठेवली.

फोटोंसाठी दोन गोष्टी सांभाळा. खोलीतले सगळे दिवे एकाच छटेचे लावा; २७०० केल्विनचा पिवळा आणि ६५०० चा पांढरा एकत्र लागले की एकच भिंत दोन रंगांची दिसते. आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ धरा, म्हणजे भिंतींच्या उभ्या रेषा कलत नाहीत. फार रुंद लेन्सने खोली हॉलएवढी दाखवण्याच्या मोहात पडू नका. प्रत्यक्ष आल्यावर माणसाचा चेहरा उंबरठ्यावरच पडतो आणि मग पुढचं काहीच त्याला पटत नाही.

वासाचं आपलं आपल्याला कळत नाही. नाक थोड्या वेळात सरावतं. शेजारच्या काकूंना बोलावून मी सरळ विचारलं, "काकू, आत आल्यावर कसला वास येतो?" त्या म्हणाल्या, "माळ्यावरच्या जुन्या गाद्यांचा." गाद्या गेल्या, खिडक्या दिवसभर उघड्या राहिल्या. सुगंधी फवारे मी वापरले नाहीत. तीव्र सुगंध आला की काहीतरी दडपलंय असाच संशय येतो.

लोक घर बघायला येतील तेव्हा आईबाबांना घरी ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. घरमालक समोर बसला की माणसं पाहुण्यासारखी वागतात, कोपरे बघत नाहीत, आपसांत बोलत नाहीत. मी दार उघडून सगळं एकदा दाखवायची आणि गॅलरीत जाऊन थांबायची. टेबलावर एक फाइल असायची: घराचा नकाशा, कर भरल्याच्या पावत्या, वीज-पाण्याची बिलं आणि त्या पाइपाच्या कामाचं बिल, टाइल काढलेल्या भिंतीच्या फोटोसकट. ज्यांनी घर घेतलं त्या बाईंनी सगळ्यात जास्त वेळ तोच फोटो बघितला. मग म्हणाल्या, "हे तुम्ही स्वतःहून दाखवताय?" त्यानंतर किमतीवर बोलणं झालं, पण भिंतींवरून घासाघीस झाली नाही.

आणखी एक. घराबरोबर काय राहणार आणि काय जाणार, याची यादी पहिला माणूस बघायला येण्याआधी लिहून ठेवा: पंखे, गीझर, पडद्यांचे दांडे, भिंतीतली कपाटं. जे न्यायचं ते शक्य तर आधीच उतरवा, कारण भिंतीवर जे दिसतं ते घराचंच, असं बघणारा धरून चालतो.