शंख नव्हे, नांगे पाहायचे: हाजीअलीची तिसरी फेरी

रिकाम्या शंखात घर करणारे खेकडे (हर्मिट क्रॅब) पाहायला मी मुंबईला हाजीअलीच्या कातळांवर जातो. जळगावहून समुद्र म्हणजे रात्रभराची रेल्वे. तिथी चुकली तर अख्खी फेरी वाया जाते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. या वेळी माघ वद्य द्वितीया धरली. भरती रात्री दीडला, म्हणजे साडेसातला पाणी उतरलेलं, उजेडही भरपूर. उधाणाचे दिवस असल्याने खालचे कातळ उघडे पडले होते. आपल्या अजिंठ्याच्या डोंगरातलाच हा काळा बेसाल्ट, फक्त शेवाळाने निसरडा.

आधीच्या दोन फेऱ्यांतल्या ओळखी मी वहीतून खोडल्या आहेत. शंख पाहून नावं दिली होती. शंख मेलेल्या गोगलगाईचा, त्यावरून खेकडा कसा ठरणार? एकाच जातीचे खेकडे नेरिटा या गोगलगाईच्या गोल शंखातही सापडतात आणि टोकदार शंखातही. आता आधी नांगे, म्हणजे पुढचे चिमटे, पाहतो. डावा ठळक मोठा असेल तर डायोजेनीससारखे, दोन्ही जवळपास सारखे असतील तर क्लिबानारियस, हे दोन्ही या खेकड्यांचे वंश. उजवा मोठा असला तर पॅग्युरसचं कुळ. या वेळी 14 पाहिले, 12 जणांचे नांगे सारखे. उरलेले दोघे आत गेले ते बाहेर आलेच नाहीत, त्यांच्यापुढे जागा कोरी ठेवली. जातीपर्यंत अजून जात नाही, वंशावर थांबतो.

सवयी पाहायच्या तर सावली डबक्यावर पडू द्यायची नाही आणि पाच मिनिटं हलायचं नाही. मग एकेक जण डोळ्यांचे देठ बाहेर काढतो. एकाला रिकामा शंख सापडला. त्याने तो उलटासुलटा फिरवला, शंखाच्या तोंडात नांगा घालून आतून चाचपला, कडेवरून मिशा फिरवल्या. बराच वेळ हेच चाललं. मग क्षणात जुन्यातून निघून नव्यात शिरला. तेवढ्यात त्याचं मऊ, उजवीकडे वळलेलं पोट दिसलं. शेपटीकडच्या आकड्यांनी तो शंखाला आतून धरून बसतो, म्हणून ओढून काढायला कधीच जाऊ नका, तुटतो पण सुटत नाही.

मंडळी, रिकामे शंखही घरी आणू नका. तिथे घरांची खरोखर टंचाई असते.

पुढची फेरी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. पुन्हा द्वितीयाच, वेळ तीच. या वेळी त्या कोऱ्या राहिलेल्या दोघांचं डबकं आधी गाठणार आहे.