आईचे माउथवॉश आणि दातांवरचे डाग
हिरड्या सुजल्या म्हणून दंतवैद्यांनी आईला ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश २ आठवड्यांसाठी लिहून दिले होते. आराम पडला म्हणून तिने ते २ महिने चालू ठेवले. ऐन हिवाळ्यात, नागपुरात घरोघरी संत्री येत असताना, तिला फोडीची चवच लागेना, आणि पुढच्या दातांच्या फटींत तपकिरी रेघा उमटल्या. हे औषध दातांना व जिभेला चिकटून कित्येक तास जंतूंना रोखते, हाच त्याचा गुण. परंतु त्यामुळेच चहाचा रंगही दातांवर बसतो (आणि आईचा चहा दिवसातून ४ वेळा). डाग दवाखान्यात साफ झाले, औषध थांबवल्यावर चवही परतली. टूथपेस्टमधील फेस आणणारे द्रव्य त्याचा प्रभाव कमी करते, म्हणून दात घासल्यावर अर्ध्या तासाने चूळ भरावी, हे मात्र आम्हांला कोणीच सांगितले नव्हते.