वाळूमाशीतल्या विषाणूचं वर्गीकरण: घोडं अडलं ते एम खंडापाशी

वाळूमाशी, म्हणजे रक्त पिणारा बारीकसा कीटक, तिच्यात सापडलेला विषाणू कोणत्या प्रजातीचा, हे मला ठरवायचं होतं. सापळे, माश्यांची निवड, पेशींमध्ये विषाणू वाढवणं, सगळं वेळेत झालं. पुढे या फ्लेबोव्हायरस गटातल्या विषाणूच्या जीनोमच्या एका खंडाने जो छळ मांडला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

या विषाणूचा जीनोम तीन खंडांचा. एलमध्ये पॉलिमरेज (जीनोमच्या नकला काढणारं प्रथिन), एममध्ये बाहेरची ग्लायकोप्रथिनं, एसमध्ये जीनोमला गुंडाळणारं न्यूक्लिओप्रथिन आणि इंटरफेरॉन, म्हणजे शरीराचा विषाणूविरोधी इशारा, दाबणारं एनएसएस हे प्रथिन. पीसीआरने, म्हणजे जनुकीय तुकड्याच्या असंख्य नकला काढण्याच्या तंत्राने, एलचा छोटासा तुकडा हाती येतो. त्यावरून गट कळतो, प्रजाती नाही. वेगळी प्रजाती म्हणायला पॉलिमरेजच्या अमिनो आम्लांतलं साम्य ९५ टक्क्यांखाली हवं. म्हणून तिन्ही खंड पूर्ण वाचले. एल आणि एस वंशवृक्षाच्या एका फांदीवर बसले, एम भलत्याच.

अशा वेळी खंडांची अदलाबदल झालेला नवा विषाणू जाहीर करायला हात शिवशिवतात. एका पेशीत दोन विषाणू शिरले की अशी अदलाबदल होते, हे खरंच आहे. पण माझ्या नळीत तीस माश्या एकत्र कुटून वाटलेल्या होत्या. एकीत एक विषाणू, दुसरीत दुसरा असेल, तर एकाचा एल आणि दुसऱ्याचा एम जोडून कागदावर भलताच विषाणू उभा राहतो. शिवाय खरी अदलाबदल माशीत झाली की माझ्या पेशींच्या बाटलीत, हाही प्रश्न उरतोच. उपाय एकच: एकेक प्लाक (पेशींच्या थरात विषाणूने पाडलेला मेलेल्या पेशींचा ठिपका) वेगळा काढून त्यातला विषाणू वाढवायचा, असं लागोपाठ तीनदा, आणि मग तिन्ही खंड पुन्हा वाचायचे. शिवाय मूळ वाटलेल्या द्रवातूनही थेट वाचायचे. शेवटी दोन एम निघाले. माझे प्रायमर, म्हणजे पीसीआरमध्ये हवा तो खंड पकडणारे छोटे तुकडे, दुसऱ्या विषाणूच्या एमला जास्त जुळत होते, म्हणून खरा एम दडून राहिला होता. सुटलो!

म्हणून माश्या वाटून झाल्याझाल्या मूळ द्रव उणे ८० अंशाला राखून ठेवाच. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: वाटण्यापूर्वी प्रत्येक मादीचं डोकं आणि पोटाचं टोक स्लाइडसाठी कापून घ्या, घसा आणि शुक्रकोश पाहिल्याशिवाय माशीची जात ठरत नाही.

एमसाठी एवढा आटापिटा का? विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं एमवरच्या प्रथिनांनाच ओळखतात. जुनी प्रतिकारशक्ती उपयोगी पडेल की नाही, ते तिथे ठरतं. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राच्या भागात नव्याने आलेल्या सैनिकांत याच गटातल्या विषाणूंमुळे येणारा वाळूमाशीचा ताप झपाट्याने पसरला, कारण त्यांच्याकडे ही शक्ती नव्हतीच.

वाळूमाश्यांतच सापडणाऱ्या चांदीपुरा विषाणूला हा खंडांचा त्रास नाही. तो ऱ्हॅब्डोव्हायरस या वेगळ्या गटातला, १९६५ मध्ये नागपूर भागात सापडलेला, जीनोम अखंड.

माशीत विषाणू मिळाला म्हणून साथीचं कारण मिळालं, असं मात्र धरू नका. रुग्णाच्या रक्तात हे विषाणू थोडाच काळ असतात. तापाच्या सुरुवातीचं आणि दोन-तीन आठवड्यांनंतरचं, असे दोन रक्तनमुने घ्या. एलायझा या प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीत जवळच्या विषाणूंची प्रतिपिंडं वेगळी ओळखता येत नाहीत, तेव्हा प्रतिपिंडांत चौपट वाढ झाली का, ते न्यूट्रलायझेशन चाचणीनेच, म्हणजे रुग्णाची प्रतिपिंडं विषाणूला निष्प्रभ करतात का ते पाहूनच, तपासा.